जाई रडली तेव्हा

एकदा एकाच आठवड्यात एका विद्यार्थिनीला दोन विद्यापीठांतून पीएच.डी.साठी होकार आला, आणि त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना.

वैजयंती तिचं नाव. विषय मातीचा, आणि पदरात दीड वर्षाची लेक, जाई. एक विद्यापीठ मोठ्या शहरात. तिथल्या मार्गदर्शकांचा देशभर लौकिक. दुसरं आडबाजूच्या गावात. तिथले मार्गदर्शक तुसडे म्हणून ठाऊक. निवड तर सरळ होती. पण प्रश्न चार-पाच वर्षांचा. लेकीचं बालपण तिकडेच सरणार. आणि मध्येच सोडून यावं लागलं तर? ‘लेकराची आबाळ केली आणि हात हलवत आली,’ असं म्हणायला घरचेच पुढे असतील. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. शेवटी ती आपल्या शाळेतल्या वृद्ध गुरुजींकडे गेली.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. तिने नेलेली माहितीपत्रकं त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत. म्हणाले, “दोन्हीकडे एकेक दिवस जाऊन ये. जाईला कडेवर घेऊन जा.”

वैजयंती दचकली. “गुरुजी, मूल आहे हे बोलूच नकोस म्हणतात सगळे. आणि ही कुठेही भोकाड पसरते.”

“पसरू दे. ती रडली की तू लगेच गप्प करू नकोस. कोण काय करतं ते बघ आणि मला येऊन सांग.”

गुरुजींचं आता वय झालं, असं तिच्या मनात आलं. पण शब्द मोडवेना.

ती परतली तेव्हा गुरुजींनी आधी मोठ्या शहराचं विचारलं.

“फार चांगलं झालं, गुरुजी. प्रयोगशाळेत पाय ठेवला आणि हिने सूर लावला. मी घामाघूम. पण सर स्वतः उठून आले, हिला बिस्कीट दिलं. ‘अहो, मुलं रडणारच,’ म्हणाले. एवढा मोठा माणूस.”

“आणि विद्यार्थी?”

“ते सरांकडे बघत होते. एक मुलगी हिला घ्यायला उठली, पण अर्ध्यातच बसली. सर हसले, तेव्हा सगळे हसले. मग ती पुन्हा उठली.”

“बरं. आणि दुसरीकडे?”

“तिथलं विचारूच नका. सर वैतागले. ‘इथे काय बाजार भरलाय?’ म्हणाले. मला कुठे तोंड लपवू असं झालं. तेवढ्यात त्यांचाच एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, सकाळपासून तुमचाच आवाज मोठाय. जरा चहा पिऊन या.’ आणि एका मुलीने हिला उचलून खिडकीत नेलं, माकडं दाखवायला.”

“सर काय म्हणाले?”

“गेले की. पुटपुटत गेले. येताना सगळ्यांना भजी आणली. मग माझ्या मातीच्या नमुन्यांवर बोलायला लागले, तर त्या विद्यार्थ्याने तिथेही त्यांना खोडून काढलं. दोघं चांगले भांडले.” ती हसली.

गुरुजी म्हणाले, “बाळ, ते मोठे सर मनाने चांगले असतीलही. मला ठाऊक नाही. पण रडणारं मूल उचलायला जिथे चेहऱ्याकडे बघावं लागतं, तिथे ‘माझा प्रयोग फसला’ हे सांगायला किती वेळ बघावं लागत असेल? संशोधनात वर्षानुवर्षं फसणंच असतं. त्यात जाई आजारी पडेल, एखाद्या दिवशी तुझ्याने जाणं होणार नाही. त्या दिवशी तुला तोंड उघडता येईल का, एवढंच मला बघायचं होतं.”

“पण ते तुसडे आहेत, गुरुजी. मलाही बोलतील.”

“बोलतील. तू उलट बोल.”

“आणि तरीही निवड चुकली तर?”

“तर तसं मोकळेपणी ज्यांना सांगता येईल अशी दोन माणसं, तो विद्यार्थी आणि ती मुलगी, तुला तिथे भेटलीच आहेत.”

काळजी काही गेली नाही. तरी एसटीची वाट बघत तिने आडबाजूच्या गावातल्या सरांना फोन लावला.

“सर, मी येते. पण मुलीसाठी रोज पाचला निघावं लागेल.”

पलीकडून सर काहीतरी पुटपुटले. मग, “पाचला? ठीक आहे. सकाळी मात्र उशीर चालायचा नाही.”

“कधी कधी होईल, सर,” वैजयंती म्हणाली. आणि हे आपण बोलून गेलो, याचं तिलाच नवल वाटत राहिलं.