रणदिवे साहेबांना घाबरणारं यंत्र

कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नवनिर्मितीची स्पर्धा भरली होती. मृण्मयी गुंजाळ आणि इरफान मुल्ला या दोघांनी स्वयंपाकघरात गॅस गळू लागला की ओरडणारं यंत्र बनवलं होतं. पण परीक्षक रणदिवे साहेब टेबलापाशी आले आणि इरफानने लायटरमधला गॅस सोडण्याआधीच यंत्र ओरडू लागलं. साहेब दूर सरकले की ते गप्प व्हायचं, जवळ आले की पुन्हा सुरू!

दोघंही पार गोंधळले. इरफानने वायरी चाचपल्या, बॅटरी बदलली, पण काही उपयोग झाला नाही.

"गॅसचा पत्ता नाही आणि बोंब केवढी!" साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "असली खेळणी घेऊन येता? तुमचं नाव खोडतो मी."

पेन काढण्याआधी त्यांनी घाम पुसायला रुमाल काढला. यंत्राचा आवाज आणखी चढला. मृण्मयी दचकून रुमालाकडे बघत राहिली.

"सर, तो रुमाल जरा देता?"

तिने तो यंत्राजवळ धरला, तर यंत्र किंचाळलं. इरफानचा रुमाल धरला, तर गप्प.

"सर, तुमच्या परफ्यूममधल्या अल्कोहोलची वाफ याला गॅसच वाटतेय."

"म्हणजे यंत्र सदोषच की! एवढी साधी चाचणी राहिली कशी?"

"काय करणार सर, आमच्या हॉस्टेलवर इतकं भारी परफ्यूम कुणाकडेच नाही."

सगळा हॉल हसला. साहेब आधी गांगरले, मग त्यांनाही हसू आवरेना.

"अंतिम फेरीला या," ते म्हणाले. "मी असाच घमघमत येईन. तेव्हा मात्र हे गप्प बसलं पाहिजे."