पंचांचा माळ

नाकाला रुमाल लावायचा असेल तर लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. खैरवडे नगरपालिकेचा सगळा कचरा इथे पडतो, तेव्हा वास यायचाच. पण दुर्बीण लावण्याआधी एक सांगतो. त्या बाभळीवर जे बसलंय त्याला गिधाड म्हणू नका. वहीत काय लिहायचं ते लिहा, तोंडाने म्हणू नका. घारीला घार म्हणा, बगळ्याला बगळा म्हणा. काळपट अंगाचे, उघड्या मानेचे हे मात्र आमच्याकडे पंच. जागेचं नावही पंचांचा माळ. आणि गावात जी पाच माणसं निवाड्याला बसतात, त्यांना आमच्या वस्तीत कुणी पंच म्हणत नाही. 'चौघे' म्हणतात. पाच असले तरी चौघेच. पोलीस पंचनाम्याला आले की आमची म्हातारी माणसं अजून आभाळाकडे बघतात.

मी सोपान बनसोडे. पालिकेत सफाईचा मुकादम होतो, एकतीस वर्षं ह्याच डेपोवर काढली. मघाशी कचऱ्याचा ट्रॅक्टर त्या उभ्या दगडापाशी थांबला, ड्रायव्हर काहीतरी बोलला आणि मग पुढे गेला. कुणाशी बोलला, असं ह्या ताईंनी विचारलं. त्याचं उत्तर जरा लांबचं आहे.

हा माळ पूर्वी गावाचा उकिरडा होता. मेलेली जनावरंही इथेच येत. ती ओढून आणायचं काम महारवाड्याचं, म्हणजे आमचं. कुणी हौसेने घेतलेलं नव्हतं ते, गळ्यात बांधलेलं होतं. त्या बदल्यात मेल्या जनावराचं कातडं आणि मांस आमचं. लोक त्याला हक्क म्हणायचे. कसला हक्क ते तुम्हीच ठरवा. वस्तीने मात्र एक रीत स्वतःपुरती सांभाळली होती. जनावराला दोर लावण्याआधी मालकाला विचारायचं, कशानं मेलं? म्हातारपणाने, रोगाने, साप चावून, जे असेल ते मालकाने सांगायचं. खायचं की पुरायचं ते त्यावर ठरे.

एकदा लागोपाठ तीन वर्षं पाऊस पडला नाही, असे सांगतात. त्या दुष्काळात वस्तीत रायनाक नावाचा माणूस होता, आणि त्याची बायको धुरपदा. वस्तीतल्या चुली थंड होत्या. वाड्यावरून निरोप आला की पाटलाची कालवड मेली आहे, घेऊन जा. रायनाक दोर घेऊन गेला. वाड्यात त्या दिवशी सोयरीक जुळवायला पाहुणे यायचे होते आणि मागच्या परड्यात कालवड दोन दिवस पडून वास मारत होती.

रायनाकाने रीतीप्रमाणे विचारलं, "पाटील, कशानं मेलं?"

पाटील म्हणाला, "ढोर मेलंय. वड आन् ने."

त्याला सांगण्यासारखं बरंच होतं. बिबट्या वासरं उचलत होता, म्हणून त्याने मेल्या कालवडीच्या पोटात बचनागाचं विष भरून ती परड्यात टाकली होती. बिबट्या आलाच नाही. पाहुण्यांच्या तोंडावर विषाची गोष्ट कोण काढणार? आणि रायनाकानेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझी आजी गोष्ट सांगताना इथे थांबायची आणि म्हणायची, भुकेला माणूस दुसऱ्यांदा विचारत नसतो.

कालवड माळावर आली. सुऱ्या आणि भांडी आणायला, माणसं बोलवायला रायनाक वस्तीत गेला. तोवर पाखरं हाकायला काठी देऊन धुरपदेला बसवलं. त्या काळी माणसं आधी वाटा काढत आणि उरलेलं पाखरांना सोडत. धुरपदेच्या पोटात तीन दिवस पाण्याशिवाय काही नव्हतं. उघड्या मानेची बारा पाखरं उतरली. तिने काठी उचलायला पाहिलं, पण तिचा हात वर होईना. ती नुसती बघत बसली आणि पाखरं पोटभर जेवली.

वस्ती भांडी घेऊन आली तेव्हा रायनाकाच्या अंगाचा तिळपापड झाला. "सगळ्या वस्तीचा घास पाखरांस्नी घातलास व्हय?" असं म्हणून त्याने तिच्यावर हात उगारला. तो हात खाली यायच्या आत पहिलं पाखरू मान टाकून कलंडलं, म्हणे. मग दुसरं, मग तिसरं. एकूण बारा. बायांनी आणलेली भांडी तशीच उलटी करून जमिनीवर ठेवली. रायनाक धुरपदेच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण रायनाक सरळ माणूस. त्याने ती बारा पाखरं दोराला बांधून चावडीवर नेली आणि पंचांपुढे ठेवली, तेव्हा माणसांनाच पंच म्हणत. म्हणाला, आमचा जीव जाणार होता, ह्यांचा गेला, आता निवाडा करा. पाटील स्वतःच पंचांत बसलेला. त्याने सांगितलं, मी दिली तेव्हा कालवड चांगली होती. मग विष आलं कुठून, असं एकाने विचारलं. कातड्यासाठी महारांनीच तिला जिवंतपणी चारलं असेल, असं दुसरा म्हणाला. तिसऱ्याने मान हलवली.

निकाल असा झाला. पाटलाचा शब्द खरा असेल तर मांस चांगलं आहे, आणि रायनाक निर्दोष असेल तर त्याला ते खायला भीती नसावी. त्याने चावडीसमोर एक घास खावा. खाल्ला नाही तर विष त्यानेच घातलं असं ठरेल आणि सगळी वस्ती उठवली जाईल. ह्या निकालातून वाट कुठे आहे ते शोधा. मी आयुष्यभर शोधतोय, मला सापडलेली नाही.

धुरपदा पुढे झाली, म्हणे. ती पाटलाला म्हणाली, "आदी तुमी खावा. मांस चांगलं हाय म्हनता न्हवं."

पाटील तिच्याकडे बघत राहिला. गावही बघत राहिलं. गावाला सगळं कळलं होतं हो, न कळायला काय झालं होतं! पण एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. मला पाटलापेक्षा त्या गावाचा राग जास्त येतो. रायनाकाने मागे वळून वस्तीकडे पाहिलं. उन्हात उभी असलेली चाळीसेक माणसं, म्हातारी आणि तान्ही धरून. मग त्याने घास घेतला. ऊन कलायच्या आत तो गेला.

धुरपदेने त्याला वस्तीच्या मसणवटीत नेऊ दिलं नाही. इथे, ह्या माळावर, बारा पाखरांच्या बरोबर त्याला मातीआड केलं आणि वर तो दगड उभा केला. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "चावडीवर बसत्यात ते पंच न्हाईत. पंच ह्ये. ह्येंनी कुनाचं त्वांड बगितलं न्हाई, खरं त्ये सांगून मेले." त्या दिवसापासून इथे आधी पंच जेवतील आणि मग माणूस, असं तिने ठरवून दिलं. आणि जो कुणी जे काही टाकायला येईल, त्याने दगडापाशी थांबून ते काय आहे आणि कशाने मेलं हे सांगायचं.

दुसऱ्या दिवशी आभाळ काळं झालं, असे सांगतात. शेकडो पंच उतरले, दगडाभोवती गोल करून बसले आणि कशालाही चोच न लावता तीन दिवस गावाकडे पाठ करून राहिले. त्याच महिन्यात गावात ढोरांची साथ आली. वस्तीतलं एकही माणूस दोर घेऊन गेलं नाही. दारोदार जनावरं सडू लागली, तेव्हा पाटलाने स्वतःच्या बैलाला स्वतः दोर लावला आणि तो ओढत माळापर्यंत आणला. दगडाशी धुरपदा बसली होती. तिने विचारलं, "कशानं मेलं?"

तो म्हणाला, "रोगानं."

ती म्हणाली, "आन् कालवड?"

इथे गोष्टीचे दोन फाटे आहेत. गावात सांगतात की पाटील दगडावर डोकं ठेवून रडला आणि सगळं कबूल झाला. आमच्या वस्तीत सांगतात की तो दोर टाकून निघून गेला. तुम्हाला जो आवडेल तो घ्या. तुमच्यासारख्या पाहुण्यांना बहुतेक पहिला आवडतो.

आमच्या वस्तीने ढोरं ओढणं सोडून आता साठ-सत्तर वर्षं झाली. बाबासाहेबांनी सांगितलं, आम्ही सोडलं, आणि माझ्या बापाने तो दोर चुलीत घातला. पुढे उकिरड्याचा डेपो झाला. मी मुकादम होतो तेव्हा इथे दोन-अडीचशे पंच असत. मग माना टाकून बसायला लागले. फांदीवर बसल्या बसल्या मान खाली जायची, आणि तीन-चार दिवसांनी पाखरू खाली. मी स्वतःच्या हाताने किती पुरले ते आठवत नाही. आम्ही अर्ज केले, पण कुणी आलं नाही. बऱ्याच वर्षांनी साहेब लोक आले आणि म्हणाले, जनावरांना दुखणं थांबवायला जी सुई देतात ती मांसात उरते, तिच्यामुळे झालं. जनावरं टाकणाऱ्या एकाने तरी दगडाशी थांबून सुईचं नाव घेतलं होतं का? सगळे म्हणाले, म्हातारपणाने मेलं.

आता सात उरलेत. ते मोजायला तुम्ही इतक्या लांबून आलात, नाक दाबून उन्हात उभे आहात. चांगलं आहे. त्या दिवशी चावडीवर तुमच्यासारखं एक जरी माणूस असं मोजायला उभं राहिलं असतं, तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

ताई, तुमचं उत्तर राहिलं. आजही प्रत्येक ट्रॅक्टर त्या दगडापाशी थांबतो. ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही, पण थांबतो, आणि आत काय आहे ते सांगतो. आत कोंबड्यांच्या दुकानातली घाण असते, दवाखान्यातल्या सुया असतात, विषारी औषधं खाऊन मेलेली कुत्री असतात. तो म्हणतो, "कचरा." आणि पंच खाली उतरतात.