भाऊसाहेब उठेनात

भाऊसाहेब ठोंबरे खुर्चीवरून उठायलाच तयार नव्हते!

बरं, उठायचं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. तीस वर्षं नगरसेवक राहिल्यावर "आता पुरे, नव्यांना जागा देतो," असं त्यांनीच जाहीर केलं. निरोपाचा सत्कार ठरला. बाजारपेठेत मंडप उभा राहिला, व्यासपीठावर पाच लाल मखमली खुर्च्या लागल्या आणि भाषणं सुरू झाली. सगळा घोटाळा भाषणांनी केला. जो तो तारीफ करू लागला, तसे भाऊसाहेबांचे डोळे भरून आले.

"मी इतका चांगला आहे?" त्यांनी शेजारच्याला विचारलं. "मग मी जातोय कशाला?"

आणि माइक ओढून त्यांनी सांगून टाकलं, "मला या खुर्चीवरून जो उठवेल त्यानं मागेल ते घ्यावं. मी त्याच क्षणी राजीनामा देईन! पण अंगाला हात लावायचा नाही, 'उठा' म्हणायचं नाही, खोटं बोलायचं नाही. आणि राष्ट्रगीत लावायचं नाही, ती लबाडी झाली! कुणालाच जमलं नाही, तर पुढची निवडणूक मीच लढवणार!"

तीन दिवस झाले. भाऊसाहेब तिथंच जेवत, तिथंच घोरत. न्हावीही तिथंच येई. शंकेला जायचं झालं, की चौघे त्यांना खुर्चीसकट उचलून आडोशाला नेत. तिथलं उठणं मोजायचं नाही, असा पोटनियम निघाला.

गावानं शर्थ केली. कुणी नव्या मुतारीच्या उद्घाटनाची फीत बांधली. भाऊसाहेब म्हणाले, "फीत इकडं आणा!" आणि बसल्या बसल्या कापली. कुणी हार आणला. "वाका की जरा," म्हणून त्यालाच वाकवलं. शेवटी त्यांच्या नव्वदीच्या चुलतीला आणलं. आता तरी पाया पडायला उठतील! भाऊसाहेबांनी हात जोडले, "काकू, पाय वर घेता का?"

या सगळ्यात रडकुंडीला आले ते मंडपवाले गजाभाऊ डोळस. उद्या त्यांच्याच मुलीचं लग्न. मंडप हाच, खुर्च्या ह्याच, आणि नवरामुलगा बसायचा तीच खुर्ची भाऊसाहेबांच्या बुडाखाली!

"भाऊसाहेब, माझ्या लेकीचं लग्न काय उघड्यावर लावू?"

"लावा की इथंच! मी आहेच बसलेला."

गजाभाऊंची सून सुगंधा मंडपाच्या खांबाआड उभी होती. लग्न होऊन तिला तीनच महिने झाले होते. या घरात आल्यापासून खुर्च्यांचे अभ्रे धुणं आणि टेम्पोबरोबर जाऊन खुर्च्या मांडणं तिच्याकडं आलं होतं. बोलणं कमी, बघणं फार. भाऊसाहेबांना तिनं चार-सहा कार्यक्रमांत पाहिलं होतं. एकदा व्यासपीठावर चारच खुर्च्या होत्या, त्याही रिकाम्या, तर पाचवी येईपर्यंत हा माणूस उभा राहिला होता. ते तिच्या ध्यानात होतं.

"मामंजी, मी बघू का?"

"अगं, भल्याभल्यांनी घसा कोरडा केला. तू तर घरात मीठसुद्धा खुणेनं मागतेस!"

सुगंधानं पदर खोचला आणि व्यासपीठावर चढली. भाऊसाहेब मधल्या खुर्चीवर, दोन्ही बाजूंना दोन-दोन रिकाम्या. तिनं त्यांच्या डाव्या हाताच्या दोन्ही खुर्च्या उचलल्या आणि उजव्या टोकाला नेऊन मांडल्या. माइक आणि पाण्याचा तांब्या सरकवला नव्या मधल्या खुर्चीसमोर. मग खाली उतरून ती व्यासपीठाला लागून उभ्या टेम्पोपाशी थांबली.

भाऊसाहेबांनी डावीकडं पाहिलं. कोणी नाही, काही नाही. उजवीकडं चार खुर्च्या. म्हणजे आपण कडेला? कडेला तर आभार मानणारा बसतो! त्यांनी मान हलवली. जाकीट नीट केलं. तांब्याकडं पाहिलं. आणि तीस वर्षांच्या सवयीनं ते सरळ उठले, तुरुतुरु चालत गेले आणि मधल्या खुर्चीवर ऐसपैस टेकले!

"उठले! उठले!" सगळा बाजार ओरडला.

भाऊसाहेब दचकले. मागं वळून बघतात तो सुगंधानं त्यांची खुर्ची टेम्पोत चढवलीसुद्धा!

"पोरी, मला उठवलंस कसं गं?"

"मी कुठं उठवलं, साहेब? मी खुर्च्या आवरत होते. उठलात तुम्हीच."

भाऊसाहेब आधी लाल झाले, मग हसू लागले, ते पोट धरून हसतच राहिले. हसता हसताच त्यांनी राजीनाम्यावर सही ठोकली. "माग! माझी जागा हवी? उद्या तुलाच उभी करतो!"

"ती एक खुर्ची नको, साहेब. या पाच द्या. उद्या लग्न आहे."

"नेल्या! पण मग उद्या मी कुठं बसू?"

"जेवायला या. गोल पंगत मांडते. जिथं बसाल तिथं मधोमध!"

भाऊसाहेब इतके हसले, की शेवटी खुर्चीसुद्धा करकरली. मग तीस वर्षांच्या सत्काराच्या सगळ्या शाली त्यांनी कपाटं रिकामी करून लग्नघरी धाडल्या. दुसऱ्या दिवशी ऐन वैशाखात नवरामुलगा, भटजी, आचारी, झाडून सारे बँडवाले आणि नवऱ्याची घोडी शाली पांघरून घामाघूम झाली होती!