चौथी घोंगडी

फार वर्षं झाली या गोष्टीला, आणि ही दमलेल्या माणसांची गोष्ट आहे, म्हणून ती सावकाश सांगतो.

माळरानावर एक गाव होतं. जमीन खडकाळ, पाऊस बेताचा, पिकं यथातथाच. मेंढरं मात्र भरपूर. दरवर्षी लोकर कातरून झाली की बाहेरगावचा व्यापारी गाड्या घेऊन यायचा, लोकरीची पोती भरायचा आणि निघून जायचा. उरलेलं वर्ष गावाच्या हाताला काम नसायचं. मग घरंच्या घरं दाराला कडी लावून पोटामागे कुठे कुठे जायची. त्यातली काही परत यायची, काही यायची नाहीत.

त्या गावात एक विणकरीण राहत होती. सगळे तिला अक्का म्हणत. तिच्या घरात सासऱ्याच्या वेळचा एक जुना माग होता. एका वर्षी व्यापाऱ्याच्या गाड्या वेशीत येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा अक्का लोकांपुढे जाऊन म्हणाली, "मेंढरं आपली, लोकर आपली, आन् घोंगडी दुसऱ्या गावची पांघरायची व्हय? यंदा लोकर देऊ नगा. आपणच विणू."

लोक हसले. एवढ्या घोंगड्या घेणार कोण, असं म्हणाले. तरीही दोन घरांनी लोकर ठेवून घेतली, बहुधा अक्काच्या तोंडाला घाबरून. तिने त्यांना सूत कातायला शिकवलं, मागावर बसताना पाय सोडायला खड्डे खणून घेतले, उभ्या सुताचा ताणा कसा लावायचा ते दाखवलं. त्या वर्षी अक्काचा धरून तीन माग चालले. पुढे सात झाले, मग पंधरा. वीस वर्षांत गावात तीस माग उभे राहिले. कडी लावलेली घरं उघडली. विहीर बांधून झाली, शाळेवर कौलं चढली. चैत्रात धनगरांच्या देवाची मोठी जत्रा भरायची, तिथे लांबलांबचे मेंढके पावसाळ्याआधी याच गावची घोंगडी शोधत यायचे.

ते शोधत यायचे याचं कारण होतं खळ. घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ लावावी लागते. चिंचोके भाजायचे, साल काढायची, भिजवून वाटायचे आणि मोठ्या कढईत शिजवायचे. मग ती खळ कुंच्याने घोंगडीवर फिरवून घोंगडी उन्हात वाळवायची. खळ नीट बसली तर पावसाचं पाणी वरच्या वर ओघळून जातं. कच्ची राहिली तर घोंगडी चिकट होते, आंबूस वास मारते आणि उंदीर कुरतडतात. करपली तर डाग पडतात आणि घडी घालताना सूत तुटतं.

पहिल्या वर्षी ही खळ शिजवायला अक्काने आपल्या धाकट्या जावेला बसवलं होतं. धाकटीच्या हातून ती कच्ची राहिली. तीन घोंगड्या वाया गेल्या. तीन मागांच्या गावात तीन घोंगड्या म्हणजे काही थोडं नव्हे. अक्काने धाकटीच्या हातातला ढवळणा काढून घेतला आणि म्हणाली, "राहू दे. तुला न्हाई जमायचं."

तेव्हापासून गावाची रीतच पडली. घोंगडी कुणाच्याही मागावर विणली जावो, खळ अक्काच्या अंगणात, अक्काच्या हातानेच लागायची. माग तीस झाले तरी कढई एकच राहिली.

आता, माणूस गावासाठी एक काम करतो आहे असं दिसलं की गाव त्याला दुसरं आणून देतं. अक्काचं तसंच झालं. कुणाच्या मागाची फळी मोडली, बोलवा अक्काला. दोन भावांत लोकरीच्या वाटणीवरून जुंपली, चला अक्काकडे. कुणाची सून सूत जाड कातते, अक्कानेच तिला समजवावं. सकाळी चूल पेटायच्या आत तिच्या ओट्यावर चार माणसं बसलेली असत. अक्का कमरेवर हात ठेवून उठायची आणि म्हणायची, "थकले गं बाई मी."

ती खरंच थकली होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण धाकटी कधी म्हणाली, "अक्का, जरा मी ढवळते, तू टेक," की अक्का कढईपुढे आणखी सरकून बसायची. "राहू दे. तुला न्हाई जमायचं." आणि गावालाही ते बरंच होतं. खळ बिघडली तर बोल आपल्यावर यायला नको. वीस वर्षांत एकानेही हट्ट धरला नाही की मला शिकव म्हणून. दोष द्यायचा तर दोघांनाही द्यावा लागेल.

एका वर्षी पावसाने फारच ओढ दिली. मेंढरं कमी झाली, लोकर कमी आली, लोकांचा धीर सुटत चालला. दोन घरांनी सामान बांधायला काढलं. ते म्हणाले, जत्रेपर्यंत बघू, नाहीतर निघू. जुना व्यापारी ही हवा ओळखून आला आणि ओढ्याकाठी तळ ठोकून बसला. तो गोड बोलायचा. "कशाला एवढे कष्ट करता? यंदा जत्रा साधली नाही तर पुढची सगळी लोकर मला द्या. माग काय, चुलीत घालायला उपयोगी पडतील." लोक त्याला हो म्हणत नव्हते, पण आता नाहीही म्हणत नव्हते. जत्रा साधली तर माग चालणार होते, नाहीतर गाव पुन्हा वीस वर्षं मागे जाणार होतं. हे सगळ्यांना कळत होतं.

आणि जत्रेला दहा दिवस उरले असताना अक्का तापाने अंथरुणाला खिळली.

अंगणात ऐंशी घोंगड्यांची चळत लागली होती. चिंचोके भिजून फुगले होते. लोक यायचे, चळतीकडे बघायचे, दारातून अक्काकडे बघायचे आणि परत जायचे. "अक्का बरी झाली की व्हईल," असं एकमेकांना सांगायचे. असे तीन दिवस गेले. चैत्राचं कडक ऊन रिकाम्या अंगणात पडत होतं आणि तीस घरांत एकही माणूस कढईला हात लावायला तयार नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी अक्का भिंतीला धरून बाहेर आली. धाकटी धावली. "अक्का, अंगात ताप हाय. तू नुसती बस. मी..."

"सर बाजूला," अक्का म्हणाली.

तिने स्वतः कढई चढवली. खळ झाली की नाही हे ती नेहमी दोन बोटांत तार धरून ओळखायची आणि वासावरून पक्कं करायची. आज बोटं तापाने बधिर झाली होती आणि नाक चोंदलं होतं. तरी तिने ढवळलं, तिनेच उतरवलं, तिनेच कुंचा फिरवला. बारा घोंगड्या झाल्यावर ती धापा टाकत खाली बसली.

दुपारी घोंगड्या वाळल्या आणि सगळ्यांना दिसलं. खळ तळाला करपली होती. बाराच्या बारा घोंगड्यांवर तपकिरी डाग उठले होते. अक्काने एकीची घडी घालून बघितली, तर घडीवर सूत तटतट तुटलं.

अंगणात सगळं गाव जमलं होतं. एक म्हातारा विणकर मऊ आवाजात म्हणाला, "जाऊ दे अक्का. तुझा काय दोष? ताप हाय अंगात. व्हतं कधी कधी."

दोघातिघांनी माना हलवल्या. होतं कधी कधी, म्हणाले.

अक्काला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण ते तिला लागलं. तिने मान वर करून धाकटीला शोधलं. धाकटी मागे, भिंतीला टेकून उभी होती. तिच्या केसांत आता पांढरं दिसत होतं. अक्काच्या मनात आलं, हिच्या तीन घोंगड्या गेल्या तेव्हा होतं कधी कधी असं कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"धाकटे," अक्का म्हणाली, "तुझ्या तीन गेल्या व्हत्या. माझ्या बारा गेल्या."

धाकटी जवळ आली. ती रागावलेली नव्हती, तिचा आवाज नुसता दमलेला होता. "तीन गेल्या त्याचं मला कधी वाईट वाटलं न्हाई, अक्का. पण तू चौथी करू दिली न्हाईस. करू दिली असतीस, तर आज तू निजली असतीस आन् ह्या सगळ्या उन्हात वाळत असत्या."

ढवळणा अक्काच्या मांडीवर होता. वीस वर्षं तिने तो दुसऱ्याला दिला नव्हता, आणि आता द्यायचा म्हटलं तरी हात पुढे होईना. आणखी घोंगड्या बिघडल्या तर? जत्रेला सात दिवस उरले होते. व्यापारी ओढ्याकाठी बसलेला होता. पण तिच्याकडून तर आता काहीच होणार नव्हतं.

तिने ढवळणा धाकटीच्या हातात दिला. "ढवळ."

"मला येत न्हाई."

"ठाऊक हाय. ढवळ."

कढई घासून पुन्हा चढवली. धाकटीने विचारलं, "किती शिजवू?"

"झाली की कळतं."

"तुला कळतं. मला कसं कळंल?"

अक्काला सांगताच येईना. तिने आयुष्यभर जे राखून ठेवलं होतं, ते तोंडाने देण्यासारखं नव्हतंच. ते बोटांतच होतं, आणि बोटांत यायचं तर बोटांनी ते आधी चारदा बिघडवायला हवं होतं.

पहिली खळ पातळ राहिली. अक्काला ते दुरूनच कळलं, आणि तिचा हात दोनदा पुढे गेला. दोन्ही वेळा तिने तो मागे घेऊन पदरात गुंडाळला. ती खळ ओतून द्यावी लागली. लोक कुजबुजले. दोघेजण ओढ्याच्या दिशेने निघूनही गेले. दुसऱ्यांदा शिजवलेली खळ एका घोंगडीवर कच्ची बसली. मग धाकटीने ती थोडी आणखी शिजवली, तर पुढच्या दोन घोंगड्यांवर गाठी धरल्या. अशा पुन्हा तीन गेल्या. धाकटी थांबली. तिने अक्काकडे बघितलं.

"माझ्याकडं नगं बघू," अक्का म्हणाली. "चौथी कर."

चौथी घोंगडी वाळायला घातली. उन्हं उतरली तेव्हा अक्काने तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी घरंगळून खाली गेलं. घोंगडी जरा जाड झाली होती, अक्काच्या हातची नव्हती ती, पण घोंगडी होती.

"नुसतं बघत काय उभ्या राहिलात?" अक्का जमलेल्या बायकांना म्हणाली. "दोघी पुढं या. उद्या दुसरी कढई तुमच्या अंगणात."

जत्रेला घोंगड्या पोचल्या त्या एकंदर पन्नास; बाकीच्या काही शिकताना बिघडल्या, काहींना खळ लावायला वेळच उरला नाही. दोन-चार नेहमीच्या मेंढक्यांनी हात फिरवून तोंड वाकडं केलं, बाकीच्यांनी पाणी ओतून बघितलं आणि घेतल्या. गावाचं निभावलं, इतकंच. सामान बांधलेल्या दोन घरांपैकी एक राहिलं, एक गेलंच. काही जणांनी थोडी लोकर व्यापाऱ्याला देऊनही टाकली. पण माग कुणी चुलीत घातला नाही.

पुढच्या वर्षी गावात तीन अंगणांत खळ शिजत होती. अक्का ओट्यावर बसून असायची. सुरुवातीला तिला ते फार जड गेलं. ती काठी टेकत या अंगणातून त्या अंगणात जायची, बोट बुडवायची, पातळ झालीय, पिवळी पडलीय, असं म्हणत राहायची. बायका ऐकून घ्यायच्या, त्यातलं पटेल ते करायच्या. हळूहळू तिचं जाणं कमी झालं.

एका दुपारी ती ओट्यावरच आडवी झाली होती. वारं सुटलं होतं. धाकटीने आतून एक घोंगडी आणून तिच्या अंगावर घातली. अक्काने डोळे न उघडता घोंगडीच्या काठावरून अंगठा फिरवला.

"जाड हाय."

"व्हय. चौथी हाय ती. जत्रंला नेलीच न्हाई मी."

अक्काने घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

थोड्या वेळाने एक विणकर मोडकी फळी घेऊन अंगणात आला आणि त्याने सवयीप्रमाणे हाक मारली, "अक्का हाय का?"

"हळू बोल," धाकटी कढईपासून न उठता म्हणाली. "झोपलीय ती. काय हाय ते मला सांग."

तात्पर्य: गाव उभं करणाऱ्याने हातातलं काम वेळीच दुसऱ्याच्या हातात द्यावं आणि त्याला चुकूही द्यावं, नाहीतर तो दमला की त्याच्याबरोबर सगळं गाव खाली बसतं.