चिमाक्काची वाफ

डोंगराच्या कुशीत वसलेल्या एका गावात चिमाक्का नावाची म्हातारी राहत होती. सर्दीने कोणी बेजार झाले की ती पातेल्यात पाणी उकळी, त्यात ओवा नि गवती चहा टाकी आणि माणसाच्या डोक्यावरून घोंगडी पांघरून त्याला वाफ देई. चोंदलेले नाक मोकळे होई. एकदा ऐन जत्रेत भजनीबुवांचा घसा बसला. चिमाक्काची वाफ घेऊन त्यांनी असा सूर लावला की सारे देऊळ स्तब्ध झाले. तेव्हापासून लोक तिच्या चुलीलाही हात जोडू लागले. "अक्काच्या वाफेपुढे कुठलाच आजार टिकत नाही," असे जो तो म्हणे. चिमाक्कालाही ते ऐकून बरे वाटे.

एका हिवाळ्यात गावात तापाची साथ आली. चिमाक्काच्या अंगणात रांग लागली. सरपंचांची सून वत्सला लहानग्या रेवतीला घेऊन धावत आली. पोरीचे अंग भाजत होते. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ओठ निळसर पडले होते.

"अक्का, तुमच्या हातात जादू आहे. हिला वाचवा!" वत्सला म्हणाली. सारे अंगण श्वास रोखून पाहू लागले.

पोरीच्या छातीवर हात ठेवताच चिमाक्काचा चेहरा पालटला. एवढ्या लोकांपुढे नाही म्हणायचे, तर जन्मभराचा मान जाणार होता. तिने पातेले बाजूला सारले.

"माझ्या वाफेनं नाक मोकळं होतं, घटकाभर बरं वाटतं. आजार त्यानं जात नाही गं. सर्दी ज्याचं त्याचं अंगच घालवतं. पण हे दुखणं छातीत उतरलंय. आणि एवढ्याशा लेकराला उकळत्या पाण्यापाशी न्यायचंच नाही. चल, दवाखान्यात!"

"अक्काची विद्या संपली," कोणीतरी पुटपुटले. चिमाक्काने ते ऐकले, पण ती थांबली नाही. पोरीला मांडीवर घेऊन ती स्वतः वत्सलेसोबत सरपंचांच्या जीपमध्ये बसली.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच प्राणवायू लावला, औषधे सुरू केली. "न्यूमोनिया आहे. वेळेवर आणलंत. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं," त्या म्हणाल्या. हळूहळू त्या इवल्या ओठांवर लाली चढली. रेवतीने डोळे उघडले आणि आईचे बोट धरले. चिमाक्का पाहतच राहिली. आपल्या नावाचा एवढा गाजावाजा झाला, पण असे नवल तिने कधी पाहिले नव्हते. तिचे हात आपोआप जोडले गेले.

ही हकिकत गावात पोचली. अंगण पुन्हा भरू लागले. मात्र आता घोंगडीखाली बसण्याआधी जो तो अदबीने विचारी, "अक्का, मला वाफ पुरेल, की दवाखाना गाठू?"

तात्पर्य: आपल्या उपायाने काय होते हे सांगताना काय होत नाही हेही जो उघडपणे सांगतो, त्याच्यावरच विश्वास ठेवावा.