सराव कुणाचा?

परदेशात शिकून देवरुखला परतलेल्या शलाका मॅडम इंग्रजीचा धडा मोबाइलवर घरी पाहायला देत. मुलं कंटाळू नयेत म्हणून त्यात एक भांडण अर्धवट सोडत; त्याचा निकाल वर्गात, इंग्रजीत भांडूनच लागे.

एकदा ऐन भांडणात तपासणीला खराडेसाहेब आले.

"मॅडम, हा वर्ग की मासळीबाजार? उद्यापासून हे बंद! शिकवतात कसं, ते बघा."

मॅडमनी खडू त्यांच्या हाती दिला. आत्ता कुठे पोरं बोलू लागली होती!

साहेब अर्धा तास इंग्रजीत बोलले. वर्ग चिडीचूप.

"पाहिलंत?" साहेब खुलले.

"पाहिलं, साहेब. तुमचा सराव छान झाला," मॅडम नम्रपणे म्हणाल्या. "पण परीक्षा मुलांची आहे ना!"

साहेब खळखळून हसत खुर्चीत बसले.

"भांडा रे पोरांनो!"