जुन्या रायफलींचं भंगार

राजेसाहेब परगावी असताना दिवाणजींनी संस्थानासाठी नव्या लिव्हर रायफली, म्हणजे खालचा दांडा ओढून गोळी भरायच्या, घेतल्या आणि जुन्या भंगार म्हणून स्वतःच्या घरी न्यायला गाडी बोलावली. रानात बिबट्या माणसांच्या जिवावर उठला होता. राणी कृष्णावतींच्या जिवाला चैन नव्हतं, कारण नव्या रायफलीची लिव्हर ओढताना मध्येच अडकत होती.

"नवी आहे, रुळेल," दिवाणजी म्हणाले. "जुन्या म्हणजे निव्वळ लोखंड."

राणीसाहेबांनी लोहाराला बोलावलं. "या जुन्या रायफलींचे तुकडे करा. दिवाणजींना न्यायला सोपं जाईल."

दिवाणजी घाईने आडवे आले. "नको, राणीसाहेब! अशी घडण आता कुठे मिळते?"

"मग त्या आमच्या शिकाऱ्यांकडेच राहू द्या," राणीसाहेब म्हणाल्या. "नव्या तुम्ही न्या. तुमच्या घरी रुळतील."